गीझरच्या पॉइंटवर बिटकॉइनचं मशीन चालेल का?

बिटकॉइन एक कोटी रुपयांच्या वर गेला अशा बातम्या २०२५ मध्ये आल्या आणि तेव्हापासून मला एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. मी नाशिकच्या सातपूरला इलेक्ट्रिक पॅनलच्या कामात आहे, त्यामुळे नातेवाईक, सोसायटीतली पोरं, पोरांचे मित्र, सगळे विचारतात, ‘दादा, सेकंडहँड मायनर मिळतोय स्वस्तात, गीझरच्या पॉइंटवर लावला तर चालेल ना, पिन तर बसते.’ पिन बसते हे खरंय. पण पिन बसणं आणि लोड झेपणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोड झेपला तरी बिल झेपणं ही तिसरी. तिन्ही एकदाच नीट लिहून टाकतो म्हणजे मला पण सारखं फोनवर बोलायला नको.

मशीन दिवसभर करतं काय?

नोटा छापायला नाशिकरोडच्या प्रेसला १९२८ पासून कागद लागतो, शाई लागते, पहारा लागतो. बिटकॉइनला यातलं काहीच लागत नाही, त्याला लागते ती वीज, आणि ती का लागते ते आधी समजून घेऊ.

मायनर म्हणजे एकच काम करणारा कॉम्प्युटर. जगभरात झालेल्या बिटकॉइनच्या व्यवहारांचा एक गठ्ठा घ्यायचा, याला ब्लॉक म्हणतात, त्यात आपल्या मनाने एक आकडा घालायचा आणि सगळं मिळून एका ठरलेल्या गणितातून काढायचं. जे उत्तर येतं त्याला हॅश म्हणतात. उत्तर एका मर्यादेपेक्षा लहान आलं तर बक्षीस, नाही आलं तर दुसरा आकडा घालून परत तेच. यात हुशारी चालत नाही, कोणता आकडा लागेल हे आधी कळायचा रस्ताच नाही, म्हणून जो जास्त वेळा प्रयत्न करेल त्याला संधी जास्त. अँटमायनर एस १९ नावाचं जे मॉडेल आपल्याकडे जुन्या बाजारात फिरतंय ते सेकंदाला ९५ लाख कोटी प्रयत्न करतं. हो, लाख कोटी, टायपिंगची चूक नाही.

आता यातली गोम अशी की मशीन वाढवल्या म्हणून नाणी जास्त निघत नाहीत. सगळ्या जगात मिळून साधारण दर दहा मिनिटांनी एकच ब्लॉक लागावा असं ते सॉफ्टवेअर बांधलेलं आहे, दर २०१६ ब्लॉकनंतर म्हणजे दोनेक आठवड्यांनी ते कोडं आपोआप अवघड किंवा सोपं होतं. आणि बक्षीस दर चारेक वर्षांनी अर्धं होतं, एप्रिल २०२४ पासून ते एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन आहे. म्हणजे ताटातली भाकरी तेवढीच, जेवणारे वाढतायत. एकट्याला काही लागण्याची शक्यता जवळपास नाहीच म्हणून लोक पूलमध्ये जातात, सगळ्यांनी मिळून प्रयत्न करायचे आणि ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे वाटून घ्यायचं.

ग्राफिक्स कार्डवरच्या मायनिंगबद्दल विचारणाऱ्यांसाठी एवढंच, की तो जोर मुख्यतः इथेरियम नावाच्या दुसऱ्या नाण्यामुळे होता आणि इथेरियमने १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंगच बंद करून टाकलं. तेव्हाचे व्हिडिओ बघून आज रिग, म्हणजे बरीच कार्डं जोडलेला कॉम्प्युटर, बांधू नका.

गीझर २००० वॅटचा, मायनर ३२५० वॅटचा, मग फरक तो काय?

फरक वॅटमध्ये कमी आणि वेळेत जास्त आहे. घरातलं सगळं वायरिंग एका गृहीतावर उभं असतं की मोठा लोड थोडा वेळ चालेल आणि मग थांबेल. गीझर वीस मिनिटांत थर्मोस्टॅटवर कट होतो, इस्त्री मधूनमधून बंद होते, एसीचा कॉम्प्रेसर दम घेतो, मिक्सर तर चटणी झाली की संपला. या थांबण्यात वायर, सॉकेट, स्विच गार होतात. मायनर म्हणजे असा गीझर समजा की ज्याचं पाणी कधी तापतच नाही. सकाळ, दुपार, रात्र, अमावस्या, पौर्णिमा, पूर्ण लोडवर चालू. त्यामुळे जो पॉइंट पंधरा वर्षं गीझरला बिनतक्रार चालला तो मायनरला पंधरा दिवसांत दगा देऊ शकतो आणि वायरमनला शिव्या पडतात, ज्याची काही चूक नसते.

हिशोब सोपा आहे. ३२५० वॅट म्हणजे सव्वातीन किलोवॅट, चोवीस तास, म्हणजे दिवसाला ७८ युनिट. महिन्याला २३४०. बिलाचं नंतर बघू, आधी भिंतीतलं बघू.

१६ ॲम्पियरचा सॉकेट आहे की

आहे, पण गणित करा. ३२५० भागिले २३० व्होल्ट म्हणजे १४ ॲम्पियरच्या थोडं वर. सॉकेटवर १६ लिहिलंय म्हणजे बसलं की, असं वाटतं. आमच्या धंद्यात जो लोड तासन् तास चालणार आहे त्याला क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या आतच ठेवायचं असा दंडक आहे, म्हणजे १६ च्या पॉइंटवर १३ च्या आत. १४ म्हणजे रेषेच्या पलीकडे. आणि १४ हा आकडा नाशिकमध्ये १४ राहत नाही, त्याचं पुढे सांगतो.

कोणी म्हणेल एस १९ ला दोन केबल असतात, दोन सॉकेटला लावल्या तर निम्मा निम्मा लोड होईल. सॉकेटवर होईल. पण आपल्याकडे दोन पॉवर पॉइंट बहुतेक वेळा एकाच वायरवरून लूप केलेले असतात, एका सॉकेटमधून दुसऱ्याला जोडलेले, म्हणजे मागच्या वायरवर आणि पहिल्या सॉकेटच्या स्क्रूवर पूर्ण १४ येतातच. आणि खरं सांगू का, प्रत्यक्षात कोणी दोन सॉकेट वापरत नाही. गीझरचा पॉइंट असतो बाथरूममध्ये, मशीन तर काही बाथरूममध्ये ठेवत नाहीत, मग एक्स्टेंशन बोर्ड येतो, दोन्ही केबल त्याच्यात, आणि त्या बोर्डाची वायर कापून बघितली तर आत केसाएवढं तांबं. माझ्या मते घरी मायनिंग करताना सगळ्यात धोकादायक वस्तू मायनर नाही, एक्स्टेंशन बोर्ड आहे.

वायरचं पण ऐकून घ्या. लाइट-पंख्याला दीडची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची) वायर, पॉवर पॉइंटला अडीचची, एसीला चारची, हा साधारण रिवाज. अडीचच्या तांब्याच्या वायरला किलोमीटरला साडेसात ओहमच्या आसपास रेझिस्टन्स असतो. बोर्डपासून मशीन वीस मीटरवर असेल तर जाऊन-येऊन चाळीस मीटर, म्हणजे ०.३ ओहम, त्यातून १४ ॲम्पियर गेले की भिंतीच्या आत जवळपास ६० वॅटची उष्णता, चोवीस तास. पाइपात अजून चार वायरी कोंबलेल्या असल्या आणि मे महिना असला की त्या वायरला श्वास घ्यायला जागाच नाही. चारची वायर टाकली तर हीच उष्णता ४० च्या खाली येते.

माझ्या टेबलावर सध्या इंदिरानगरच्या एका फ्लॅटमधून काढून आणलेला सॉकेट पडलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला ठेवलाय. समोरून बघाल तर काही नाही, पांढरा रंग जरासा पिवळट. उलटा करा. फेजच्या टर्मिनलभोवती चॉकलेटी गोल, त्यातून निघणाऱ्या वायरचं रबर दोन बोटं लांबीपर्यंत कडक होऊन तडकलेलं, आणि स्क्रू नखाने फिरतो. वास अजून येतो, जळक्या मासळीसारखा, त्या घरातल्या मावशी आठवडाभर किचनमध्ये शोधत होत्या की काय सडलंय. असा वास आला आणि घरात मासे नसतील तर आधी मेन बंद करा, मग शोधा.

एमसीबी आहे ना, ती पडेल की

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे म्हणून जरा थांबून सांगतो. एमसीबी म्हणजे बोर्डातला तो आपोआप पडणारा स्विच. ती वायरला वाचवते, आणि ती बघते फक्त करंट किती जातोय ते. वरच्या सॉकेटमध्ये करंट बरोबर होता, १४ च होता. सैल पडलेला होता स्क्रू. सैल जोडाचा रेझिस्टन्स समजा ०.१ ओहम झाला, १४ चा वर्ग १९६, गुणिले ०.१, म्हणजे जवळपास २० वॅट, तेही त्या एवढ्याशा टर्मिनलवर, प्लास्टिकच्या पोटात. एमसीबीला हे दिसतच नाही, तिच्या दृष्टीने घरात सगळं आलबेल. त्या फ्लॅटमधली एमसीबी एकदाही पडली नव्हती आणि मालक तेच मला अभिमानाने सांगत होते.

दुसरं, १६ ची एमसीबी १६.१ ला पडते असं नाही. स्टँडर्डप्रमाणे ती क्षमतेच्या १.१३ पटीला, म्हणजे १८ ॲम्पियरला, एक तास तरी पडता कामा नये, आणि १.४५ पटीला, म्हणजे २३ च्या वर, एका तासाच्या आत पडली पाहिजे. मधल्या पट्ट्यात ती तिच्या मर्जीची मालकीण. ही ढिलाई स्टँडर्डनेच मान्य केलेली आहे. पण म्हणूनच एमसीबी आहे ना म्हणून वायर कमी टाकून चालत नाही. आणि पडायला लागली म्हणून १६ ची काढून ३२ ची बसवणारे तर हात जोडून नमस्कार करण्यालायक, वायर तीच आणि तिचा पहारेकरी झोपवला.

व्होल्टेज कमी झालं की करंट वाढतो

मघाशी म्हटलं १४ हा आकडा १४ राहत नाही, ते हे. गीझरच्या आत साधी कॉइल आहे. व्होल्टेज कमी आलं की तो कमी करंट घेतो, पाणी उशिरा तापतं, वायर उलट निवांत. मायनरच्या पॉवर सप्लायचं उलटं आहे. त्याच्या आतल्या चिप्सना ठराविक वॅट लागतातच, ते पुरवण्यासाठी व्होल्टेज पडलं की पॉवर सप्लाय जास्त करंट ओढून घेतो. २३० ला १४.१ ॲम्पियर, २०० ला सव्वासोळा. वॅट तेवढेच, पण वायरमधली आणि जोडामधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे एक तृतीयांश जास्त.

आता हे केव्हा होतं? संध्याकाळी सात ते दहा, मे महिन्यात, सगळ्या बिल्डिंगचे एसी चालू झाल्यावर. शहराच्या कडेला, जिथे एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, गरजेपेक्षा जास्त घरं लटकलेली असतात तिथे अजून. म्हणजे नेमकं जेव्हा हवा गरम, वायर गरम, तेव्हाच मशीन सगळ्यात जास्त करंट घेणार. २०० च्या खाली गेलं तर एस १९ चा पॉवर सप्लाय त्याच्या रेंजच्या बाहेर जातो, मग मशीन बंद पडतं, परत चालू होतं, परत पडतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे थ्री फेजवाल्या घरात किंवा डीपीवर न्यूट्रल तुटणं. न्यूट्रल गेली की एखाद्या फेजवर २३० ऐवजी ३०० च्या वर, वाईट दिवशी चारशेच्या जवळ व्होल्टेज चढतं आणि त्या फेजवरचं जे काही चालू असेल ते जातं. यासाठी हाय-लो व्होल्टेज कटऑफ मिळतो, पॅनलमध्ये बसतो, मशीनच्या किमतीपुढे चिल्लर आहे, तो लावाच.

अर्थिंगचं काय एवढं?

मशीनच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुतेक वेळा मशीन खराब नसतं, घराचं अर्थिंग खराब असतं. या पॉवर सप्लायमध्ये आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते फेजमधला अगदी बारीक करंट, मिलीॲम्पियरमध्ये, अर्थकडे सोडतात. अर्थ असेल तर तो मुकाट जमिनीत जातो, नसेल तर पत्र्यावर शंभर-सव्वाशे व्होल्ट दिसतात आणि तुम्ही हात लावला की तुमच्यातून वाट काढतात. एक मशीन असेल तर झिणझिण्यांवर भागतं. चार-पाच पॉवर सप्लाय एकत्र आले की हाच बारीक करंट बेरीज होत जातो आणि ३० मिलीॲम्पियरची आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळायला लागला की पडणारा स्विच, उगाच पडायला लागते. मग कोणीतरी शहाणा ती काढूनच टाकतो. असं करायचं नाही, लोड दोन आरसीसीबीवर वाटून घ्यायचा. एमसीबी वायरला वाचवते तशी आरसीसीबी माणसाला वाचवते, ती काढून पाच-पन्नास रुपयांची नाणी काढण्यात काय मजा.

सेकंडहँड मालात काय बघायचं

एस ९ नावाचं अजून जुनं, २०१६ चं मॉडेल फारच स्वस्तात मिळतं, त्याला पॉवर सप्लाय वेगळा लागतो आणि तो नसतोच. मग लोक सर्व्हरमधून काढलेले १२ व्होल्टचे पॉवर सप्लाय घेतात, त्याला एक छोटा बोर्ड लावून सहा पिनच्या केबल काढतात. हे चालतं, सर्व्हरचा माल दमदार असतो, पण त्याचा पंखा सर्व्हर रूमच्या गार हवेसाठी बनलाय, तुमच्या माळ्यावरच्या हवेसाठी नाही. सहा पिनची एक केबल नियमाने ७५ वॅटची, आठ पिनची १५० ची, ह्या मर्यादा मायनरवाले सर्रास ओलांडतात ते जाड वायरच्या जोरावर, आणि सेकंडहँडमध्ये वायर जाड आहे की नाही हे तुम्हाला कळणार नाही. कनेक्टरचं प्लास्टिक बघा, एखादी पिन तपकिरी दिसली की सोडून द्या.

ग्राफिक्स कार्डच्या रिगवाल्यांसाठी एक ओळ, रायझरला, म्हणजे कार्ड मदरबोर्डपासून लांब बसवायच्या जोडपट्टीला, साटा केबलमधून (हार्डडिस्कला जाते ती) पॉवर देऊ नका. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटचा, आणि कार्ड रायझरमधून ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. जळालेल्या रिगचे जे फोटो फिरतात त्यातले कितीतरी ह्याच जोडाचे.

युट्यूबवर २४० व्होल्टची वेगळी लाइन घ्या म्हणतात

ते अमेरिकेतलं आहे. त्यांच्याकडे साध्या सॉकेटला १२० व्होल्ट येतात आणि मोठ्या उपकरणाला दोन फेजमधून २४० काढावे लागतात. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला २३० आहेतच. त्यांचं बघून कोणी दोन फेजमधून लाइन द्यायला गेलं तर आपल्याकडे तिथे ४०० च्या वर व्होल्ट असतात, मशीन त्याच सेकंदाला खलास. वेगळी लाइन घ्यायची हे बरोबर, पण व्होल्टसाठी नाही, वायर आणि एमसीबी वेगळी मिळावी म्हणून.

उष्णता कुठे जाणार

मशीनने खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होते, एकही वॅट नाण्यात जाऊन बसत नाही. ३२५० वॅटची उष्णता उपसायला साधारण एक टनाचा एसी पूर्णवेळ लागतो, आणि तो एसी वर अजून एक किलोवॅटच्या आसपास खातो. म्हणून बंद खोलीत एसी लावण्यापेक्षा गरम हवा पाइपने थेट खिडकीबाहेर काढणं हाच व्यवहार्य मार्ग. थंडीत हीटर म्हणून वापरू, हेही ऐकून झालंय. निफाडला पारा घसरला की पेपरात फोटो येतो तेवढे दिवस ठीक आहे, नंतर फेब्रुवारीत काय करणार? आवाजाचं तर विचारूच नका, ७५ डेसिबल, शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी दारात.

आता बिल

इथे बहुतेक सगळे गार होतात. महावितरणच्या घरगुती दरात स्लॅब आहेत, १०० युनिटपर्यंत स्वस्त, ३०० पर्यंत त्याहून महाग, मग ५००, आणि ५०० च्या वर सगळ्यात महाग. घर आधीच दोनशे-अडीचशे युनिट खातंय, म्हणजे मायनरचे २३४० युनिट जवळपास सगळे वरच्या स्लॅबमध्ये पडतात. वहन आकार, वीज शुल्क धरून तिथला युनिट पंधरा रुपयांच्या पुढेच जातो. मी १६ धरतो. दिवसाला ७८ गुणिले १६, म्हणजे १२४८ रुपये. महिन्याला ३७ हजारांच्या वर.

कमाई किती? जगातल्या सगळ्या मशीनचा मिळून वेग सेकंदाला ९०० एक्झाहॅश धरू, एक्झा म्हणजे एकावर अठरा शून्य, आणि भाव एक कोटी धरू. रोज साधारण १४४ ब्लॉक, म्हणजे ४५० बिटकॉइन सगळ्या जगात वाटले जातात, त्यात एस १९ चा वाटा येतो दिवसाला ४७५ रुपयांच्या आसपास. पूलची फी वेगळी. १२४८ घाला, ४७५ काढा. एस ९ चा हिशोब केला तर ५०० रुपयांची वीज जाळून ६०-७० रुपये येतात. भाव आणि वेग रोज हलतात, तुम्ही आजचे आकडे घालून बघा, पण एक आकडा लक्षात ठेवा, वरच्या धरलेल्या भावाला एस १९ ला युनिट सहा रुपयांना मिळाला तर कुठे बरोबरी होते. नाशिकमध्ये घरी सहा रुपयांना हजारो युनिट कोणी देत नाही.

भाव दुप्पट झाला तर, असं विचारणाऱ्याला माझं उत्तर ठरलेलं आहे. भाव दुप्पट होणार अशी खात्री असेल तर ते १२४८ रुपये रोज देऊन बिटकॉइन विकतच घे ना, ४७५ चं मशीनमधून काढण्यापेक्षा अडीच पटीच्या वर हातात पडेल आणि सॉकेट पण जळणार नाही.

मळ्यातल्या मोटरच्या कनेक्शनवर चालवू की

हा आयडिया दिंडोरी-निफाडकडच्या प्रत्येक पाहुण्याला सुचतो. शेतीपंपाची वीज मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंत फुकट आहे, बिलच नाही, मग लावा मशीन. नाही. ती वीज पंपासाठी मंजूर आहे, दुसऱ्या कामाला वापरली की वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागतं, मंजूर कारणाशिवाय वापर, आणि आकारणी त्या वापराला लागू असलेल्या दराच्या दुप्पट. किती दिवस चाललं ते ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. आकडा टाकला किंवा मीटरशी खेळ केला तर कलम १३५, ती सरळ चोरी, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय शेतीच्या लाइनला थ्री फेज मोजके तास असते, चोवीस तासांचं मशीन तिथे काय कामाचं.

हेच कलम १२६ घरीही लक्षात ठेवा. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो दोन-तीन किलोवॅट असेल आणि तुम्ही सव्वातीनचं मशीन चोवीस तास लावलंत तर मीटर रीडिंगमध्येच ते उघडं पडतं, अडीचशेचे एकदम अडीच हजार युनिट झालेले कोणालाही दिसतात. भार वाढवून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. आणि कमाईसाठीचा वापर घरगुती दरात बसतो का हा प्रश्नही तेव्हाच लेखी विचारून घ्या.

सोलर लावला तर वीज फुकटच ना?

एक किलोवॅट सोलर आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतो. ७८ युनिटला वीस किलोवॅट लागले, त्याला दोन हजार चौरस फुटांच्या वर मोकळी, सावली न पडणारी गच्ची. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॅटला ७८ हजारांवर थांबतं, पुढचं सगळं तुमच्या खिशातून. आणि समजा लावलाच, तरी ती वीज फुकट नाही हो. तो युनिट तुम्ही नेट मीटरिंगमध्ये घरच्या बिलातून वजा केला तर वरच्या स्लॅबचे रुपये वाचतात, मायनरमध्ये घातला तर सहा रुपये मिळतात. शंभर ठिकाणी सांगितलं तरी हे लोकांना पटत नाही, पण गणित एवढंच आहे.

इन्व्हर्टरचं तर एका वाक्यात, घरची १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट, मशीनला अर्धा तास पण पुरणार नाही आणि आपला घरगुती इन्व्हर्टर तो लोड उचलणारच नाही.

टॅक्स: नफ्यावर ३० टक्के आणि वर सेस, एप्रिल २०२२ पासून. तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. आणि मायनिंगचा इन्फ्रास्ट्रक्चरचा खर्च नाण्याची किंमत म्हणून धरता येणार नाही असं सरकारने २०२२ मध्येच संसदेत सांगितलंय. म्हणजे ३७ हजारांचं बिल दाखवून टॅक्स कमी करू, हा विचार सीएला विचारल्याशिवाय करू नका.

तरी करायचंच असेल तर

हौस म्हणून, शिकायला म्हणून करायचं असेल तर बिटॲक्ससारखं हाताच्या पंजाएवढं मशीन घ्या. पंधरा-वीस वॅट खातं, महिन्याला अकरा ते चौदा युनिट, कोणत्याही साध्या पॉइंटला चालतं. एकट्याने ब्लॉक लागायची शक्यता सरासरी चौदा हजार वर्षांतून एकदा अशी काहीतरी येते, म्हणजे लॉटरीच, पण सगळी यंत्रणा कळते. फक्त त्याच्या पॉवरचं बघून घ्या, नेहमीचं मॉडेल ५ व्होल्टचं आहे, घरात पडलेला राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर त्यात बसतो आणि मशीन मारतो. परत तेच, पिन बसते म्हणून लावायचं नाही.

आणि मोठंच लावायचं असेल तर वायरमनला हे सांगा: मेन बोर्डातून मशीनपर्यंत स्वतंत्र लाइन, चारची तांब्याची वायर, मध्ये कुठे जोड नाही, लूप नाही. बोर्डात २० ॲम्पियरची डबल पोल एमसीबी, सोबत ३० मिलीॲम्पियरची आरसीसीबी, हाय-लो कटऑफ. मशीनपाशी एसीला लावतात तसला पत्र्याचा बॉक्स, दोन केबलसाठी दोन सॉकेट, दोन्ही त्याच लाइनवर. वायरच्या टोकाला लग क्रिम्प करून मगच स्क्रूखाली, नुसत्या वळलेल्या तारा नाहीत. आजूबाजूला पडदा, गादी, पुठ्ठ्याचे खोके नकोत, आणि पावसाळ्यात पाली गरम जागा शोधत येतात तर जाळी मारून घ्या. चालू केल्यावर तासाभराने क्लॅम्प मीटरने करंट बघा, संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा परत बघा. प्लग टॉपला बाहेरून हात लावून बघा, कोमट चालेल, हात काढून घ्यावासा वाटला तर नाही चालणार. आठवड्याने मेन बंद करून सगळे स्क्रू एकदा परत आवळून घ्या, तांबं गरम-गार होऊन पहिल्या काही दिवसांत बसतं आणि घट्ट केलेला स्क्रू सैल पडतो. वायरमन या फेरीचे वेगळे पैसे मागेल, द्या.